हिवाळ्यात गाडीत काय ठेवावे: बर्फाच्या मुलखातील मराठी कुटुंबांसाठी

अमेरिकेतल्या मिनेसोटात संक्रांत येते ती वर्षातल्या सर्वांत कडक थंडीत. मंडळाचा हळदीकुंकवाचा आणि बोरन्हाणाचा कार्यक्रम जानेवारीच्या मध्यावर एखाद्या शनिवारी असतो. बायका काळ्या रेशमी साड्या नेसून येतात, लहान मुलांच्या अंगावर हलव्याचे दागिने असतात, आणि घरातून गाडीत व गाडीतून सभागृहात एवढेच चालायचे असल्यामुळे जाड कोट डिकीत टाकून दिले जातात. काही वर्षांपूर्वी आम्हीही अशाच थाटात मिनिआपोलिसहून सेंट क्लाउडला परतत होतो. बाहेर उणे 24 अंश सेल्सियस तापमान होते. बर्फ पडायचा थांबला होता, परंतु सपाट शेतांवरून सुटलेला वारा आधी पडलेला भुसभुशीत बर्फ उचलून महामार्गावर लोटत होता आणि पुढच्या गाडीचे दिवेसुद्धा दिसत नव्हते. पुढे कुठेतरी गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि आमची रांग साडेचार तास जागची हलली नाही. टाकीत पाव भाग पेट्रोल होते. कार्यक्रमभर गाडीतच राहिलेल्या बाटलीतले पाणी गोठले होते. सासूबाईंच्या पायांत कापडी बूट होते. तीन वर्षांचा मुलगा पातळ झबल्यात होता, आणि त्याचा कोट ज्या डिकीत होता तिच्या कुलपावर रस्त्यावरचा ओला चिखल उडून त्याचा दगड झाला होता. खायला तिळगुळाचा एक डबा होता. आमच्या श्वासाची वाफ काचांवर आतून गोठून पांढरा थर धरत होती आणि मोठी मुलगी त्या थरावर नखाने आपले नाव लिहीत होती.

त्या रात्री आम्ही सगळे सुखरूप घरी पोहोचलो. परंतु तेव्हापासून हिवाळ्यात गाडीत काय असावे हा विचार मी वेगळ्या पद्धतीने करू लागले. गाडी बिघडली तर काय लागेल, या प्रश्नापासून बहुतेक जण सुरुवात करतात आणि म्हणून पाने, पकडी आणि केबल यांवरच थांबतात. खरा प्रश्न असा आहे की, आज गाडीत बसणारी माणसे, आज त्यांच्या अंगावर असलेल्या कपड्यांत, हीटर बंद पडल्यावर सकाळपर्यंत कशी राहतील? या प्रश्नाचे उत्तर म्हणून सामान भरले, तर पुष्कळशा शोभेच्या वस्तू आपोआप गळून पडतात आणि ज्या खरोखर लागतात त्या राहतात.

ही गोष्ट फक्त कडाक्याच्या उत्तरेतल्या राज्यांची आहे असे समजू नये. व्हर्जिनियात मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत आणि तिथला हिवाळा मिनेसोटाच्या मानाने सौम्य असतो. तरीही 3 आणि 4 जानेवारी 2022 रोजी तिथल्या आय-95 महामार्गावर शेकडो गाड्या बर्फामुळे चोवीस तासांच्या आसपास अडकून पडल्या होत्या. त्यांत व्हर्जिनियाचे सिनेटर टिम केन यांचीही गाडी होती. वॉशिंग्टनपर्यंतचा एरवी दोन तासांचा रस्ता त्यांना 27 तासांचा झाला, आणि वाटेत रांगेतल्या एका कुटुंबाने आपल्या पिशवीतली संत्री आसपासच्या गाड्यांना वाटली, त्यांतले एक त्यांना मिळाले. मिनेसोटाच्या इतिहासातले 11 नोव्हेंबर 1940 चे वादळ तर आजही सांगितले जाते. सकाळी हवा इतकी उबदार होती की बदकांच्या शिकारीला गेलेले लोक पातळ कपड्यांत बाहेर पडले. दुपारनंतर तापमान कोसळले, हिमवादळ सुरू झाले, आणि एकट्या मिनेसोटात 49 माणसे गेली, त्यांत शिकाऱ्यांचा वाटा मोठा होता. त्यांच्याजवळ काय नव्हते, तर दुपारचे कपडे.

म्हणून पहिली पिशवी कपड्यांची. गाडीत जितकी माणसे, तितक्या कानटोप्या, तितक्या लोकरीच्या पायमोज्यांच्या जोड्या आणि तितके जाड हातमोजे तीत असावेत. हातमोजे शक्यतो चारही बोटे एकत्र राहणारे घ्यावेत, कारण बोटे एकमेकांना ऊब देतात. सुटी बोटे असलेल्या हातमोज्यांत ती लवकर बधिर होतात. साडी, सलवार किंवा झब्बा यांवरून चढवता येतील अशा सैल, जाड विजारी आणि जुने बर्फाचे बूट हे सामान कोणाच्याच यादीत दिसत नाही, पण कार्यक्रमाला निघालेल्या आपल्या माणसांना नेमके तेच लागते. उणे 18 अंशांत ताशी 24 किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या त्वचेला थंडी उणे 28 अंशांसारखी लागते आणि अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. कोल्हापुरी चपलांतल्या पायांना तेवढाही वेळ मिळणार नाही.

पांघरुणाच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे: घोंगडी घ्यावी, गोधडी नको. गोधडी मायेची असली तरी ती सुती असते. बर्फ झटकून आत आलेल्या माणसाच्या कपड्यांमुळे ती ओलसर झाली की ऊब धरत नाही, उलट अंगातली ऊब ओढून घेते. लोकर दमट झाली तरी बऱ्यापैकी ऊब धरून ठेवते. सासूबाईंनी त्या रात्रीनंतरच्या भेटीत साताऱ्याहून येताना काळी, खरबरीत, मेंढीच्या वासाची एक घोंगडी सामानात बांधून आणली. दर हिवाळ्यात ती मागच्या सीटवर असते. थंडीच्या प्रदेशात वापरायची झोपण्याची पिशवी मिळाली तर ती उत्तमच, विशेषतः ज्यांना एकट्याने लांबचा प्रवास करावा लागतो त्यांच्यासाठी. चकाकत्या पातळ पत्र्यासारख्या घडीच्या चादरी स्वस्त असतात आणि जागा खात नाहीत. त्या घोंगडीवरून गुंडाळण्यासाठी ठेवाव्यात, घोंगडीऐवजी नव्हे.

लहान मुलांचे वेगळे सांगायला हवे. फुगीर कोट घालून मुलाला बालासनात बसवले तर पट्टे वरवर घट्ट वाटतात, पण अपघाताच्या झटक्यात कोट दबतो, पट्टे सैल पडतात आणि मूल त्यांतून निसटू शकते. म्हणून कोट काढूनच पट्टे आवळावेत आणि कोट किंवा पांघरूण वरून घालावे, असे इथे सगळीकडे सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. याचा अर्थ असा की, गाडीतल्या सर्वांत लहान माणसाच्या अंगावर सर्वांत कमी कपडे असतात. त्याचा कोट, टोपी आणि मोजे हात पुरेल अशा ठिकाणी, सीटवरच असले पाहिजेत.

हाच नियम इतर सामानालाही लागू आहे. कपडे, पाणी, खाणे, विजेरी आणि फावडे हे गाडीच्या आत, पुढच्या सीटमागे ठेवावे, डिकीत नव्हे. डिकी गोठते, मागून धक्का बसला तर उघडत नाही, आणि उघडली तरी तिच्याकडे जायला वाऱ्यात उतरावे लागते. गोठलेल्या कुलपावर मारायचा फवारा तर गाडीत ठेवूच नये. तो बाहेरून लागतो, म्हणून त्याची जागा कोटाच्या खिशात.

आता ज्या एका गोष्टीमुळे अडकलेली माणसे थंडीने जाण्याआधीच जातात, तिच्याकडे वळते. इंजिन चालू ठेवून हीटर लावला, आणि दरम्यान सायलेन्सरच्या नळीचे तोंड बर्फाने बुजले, तर धूर बाहेर जाण्याऐवजी गाडीच्या खालून आत शिरतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वास नाही. डोके जड होते, मळमळते, झोप येते, आणि ती झोप दमल्यामुळे आली असे वाटते. व्हर्जिनियातल्या त्या रांगेनंतर चारच दिवसांत, 7 आणि 8 जानेवारी 2022 च्या दरम्यान, पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी हिमवर्षाव पाहायला गेलेली वीसहून अधिक माणसे, त्यांत मुलेही, गाड्यांमध्येच मृत्युमुखी पडली. थंडीबरोबर हा वायूही त्याला कारणीभूत असल्याचे सांगितले गेले.

यासाठी फावडे हवे. अर्ध्या दांड्याचे, धातूच्या पात्याचे, घट्ट जोडणीचे फावडे निवडावे. प्लास्टिकचे पाते गोठलेल्या ढिगाऱ्यात तुटते. अडकल्यावर पहिले काम चाके मोकळी करण्याचे नसून सायलेन्सरची नळी मोकळी करण्याचे आहे. नळीच्या भोवती हातभर जागा साफ करावी, मगच इंजिन सुरू करावे, आणि बर्फ किंवा वारा चालू असेल तर दर वेळी इंजिन सुरू करण्याआधी पुन्हा उतरून पाहावे. तासाला दहा मिनिटे इंजिन चालवले तर माणसे तग धरतात आणि पेट्रोलही पुरते. तेवढा वेळ वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर खाली ठेवावी. ऊब बाहेर जाते म्हणून घरातले कोणी तरी काच वर करायला सांगेल. त्यांचे ऐकू नये. बर्फ उपसताना मात्र घाई करू नये, कारण कडक थंडीत अचानक जोर लावल्याने हृदयविकाराचा झटका येऊ शकतो, आणि पन्नाशीपुढच्या माणसांना हा धोका अधिक असतो. शिवाय घामाने आतले कपडे भिजले तर पुढची रात्र त्याच ओल्या कपड्यांत काढावी लागते.

मेणबत्तीबद्दल मतभेद आहेत. पत्र्याच्या डब्यात पेटवलेली मेणबत्ती प्रकाश देते, थोडी ऊब देते, तिच्यावर बर्फ वितळवून पाणी करता येते, म्हणून अनेक याद्यांत ती असते. मी ती ठेवत नाही. रेशमी साडी, कृत्रिम धाग्यांचे कोट, चुळबुळ करणारी मुले आणि बंद गाडी यांच्या मध्ये उघडी ज्योत मला नको आहे. तिच्याऐवजी फोडल्यावर हवा लागून तापणाऱ्या, लोखंडाच्या चूर्णाच्या पुड्या मी डझनभर ठेवते. त्या काही तास गरम राहतात, मोज्यांत किंवा खिशात ठेवता येतात. फक्त उघड्या कातडीला थेट लावू नयेत, लहान मुलांच्या तर मुळीच नाही.

पाणी गोठते, आणि पूर्ण भरलेली बाटली गोठताना फुटते. लहान बाटल्या पाऊण भरून, शक्य असल्यास उलट्या ठेवाव्यात. बर्फ वरच्या टोकाकडून धरू लागतो, त्यामुळे उलट्या बाटलीचे झाकण मोकळे राहते. लांबच्या प्रवासाला निघताना गरम पाण्याचा थर्मास बरोबर घेणे हा सर्वांत साधा उपाय आहे. चहाऐवजी कोरे गरम पाणीच घ्यावे, कारण ते मुलाच्या दुधालाही चालते. तहान लागली म्हणून बाहेरचा बर्फ तसाच तोंडात टाकू नये. तो वितळवण्यासाठी शरीर आपलीच उष्णता खर्च करते.

खाण्याच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत, कारण थंडीत टिकणारे आणि ताकद देणारे पदार्थ आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या होत आले आहेत. तरीही निवड करावी लागते. गुळाची चिक्की उणे 20 अंशांत दगडासारखी होते आणि म्हाताऱ्या माणसाचा दात जाऊ शकतो. ठेवायचीच तर घरीच कुटून बारीक तुकडे करून ठेवावी. डिंकाच्या लाडवाचेही तसेच, तो गोठला की फुटत नाही. खजूर कडक होतो, पण काखेत पाच मिनिटे धरला की मऊ पडतो. भाजलेले शेंगदाणे, काजू, बेदाणे आणि सुक्या खोबऱ्याचे काप कडक थंडीतही खाता येतात, म्हणून आमच्या डब्यात मुख्यतः हेच असते. भाकरवडी आणि चिवडा टाळावा. मिठामुळे तहान लागते आणि पाणी मोजकेच असते. डब्यावर भरल्याची तारीख लिहावी, आणि मुलांना त्याची जागा माहीत असली तरी एरवी भूक लागल्यावर त्याला हात लावायचा नाही, हे ठरवून घ्यावे.

ज्याबद्दल संकोचाने कोणी बोलत नाही ते म्हणजे लघवी. साडेचार तासांत हा प्रश्न सर्वांना पडतो, आणि उणे 24 अंशांतल्या वाऱ्यात, गाड्यांच्या रांगेत, साडी नेसलेल्या सत्तर वर्षांच्या बाईने उतरावे ही अपेक्षा क्रूर आहे. रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची प्लास्टिकची बरणी, मोठ्यांसाठी मिळणारे दोन-चार डायपर, कागदी रुमाल, काही जाड पिशव्या आणि आडोशाला धरायला एक जुनी शाल, एवढे सामान एका पिशवीत ठेवावे. त्याच पिशवीत सॅनिटरी पॅडही असावेत.

औषधे गाडीत साठवू नयेत. इन्शुलिन गोठले की निकामी होते, आणि वितळल्यावर ते पूर्ववत दिसले तरी वापरता येत नाही. नेहमीच्या गोळ्या आणि दम्याचा पंप ज्याच्या त्याच्या पर्समध्ये किंवा आतल्या खिशात असावा, आणि दोन तासांच्या कार्यक्रमाला जातानाही एका दिवसाचा डोस अधिक घ्यावा.

फोनचेही असेच. थंडीत फोनची बॅटरी अर्धी दिसत असतानाच तो अचानक बंद पडतो, म्हणून तो डॅशबोर्डवर न ठेवता अंगाजवळ ठेवावा. पॉवर बँक रात्रभर गाडीत ठेवली तर ऐन वेळी दगा देते. ती फोनबरोबर घरात आणावी. विजेरी कपाळावर बांधायची घ्यावी, म्हणजे फावड्यासाठी दोन्ही हात मोकळे राहतात, आणि तीत साध्या सेलऐवजी लिथियमचे सेल घालावेत, कारण साधे सेल कडक थंडीत मंद पडतात. गाडी सुरू करून देणाऱ्या छोट्या लिथियम पेट्या सोयीच्या असतात, परंतु त्यांनाही थंडी बाधते. त्यामुळे लांब आणि जाड जंपर केबल गाडीत असाव्यातच. गाडीच्या स्वतःच्या बॅटरीची ताकद शून्य अंशाला सुमारे 35 टक्क्यांनी आणि उणे 18 अंशांना सुमारे 60 टक्क्यांनी घटते, आणि नेमके तेव्हाच घट्ट झालेल्या तेलामुळे इंजिनाला अधिक जोर लागतो. बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल, तर दिवाळीच्या सुमारास ती तपासून घ्यावी.

चाक बर्फात फिरत राहिले तर त्याच्याखाली टाकायला वाळूची एक पिशवी किंवा मांजरांच्या शौचपेटीत घालतात तसले खडे ठेवावेत. खडे गुठळ्या न धरणारे, साधे आणि स्वस्त प्रतीचे घ्यावेत. गुठळ्या धरणारे ओले झाले की त्यांचा चिखल होतो आणि चाक अधिकच घसरते. काच खरवडायचे खरडणे आणि लांब दांड्याचा ब्रश तर रोजच लागतो. काच धुण्याचे पाणी उन्हाळी असेल तर ते काढून, उणे 20 फॅरनहाइट किंवा त्याखालचा आकडा लिहिलेले भरावे आणि एक डबा जास्तीचा ठेवावा. रस्त्यावरचे मीठ पुढच्या ट्रकच्या चाकांतून उडून काचेवर येते, आणि नळी गोठलेली असली की काही क्षणांत काचेतून काही दिसेनासे होते.

टाकी निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नये. मला विचाराल तर वर लिहिलेल्या सगळ्या सामानापेक्षा ही एक सवय अधिक मोलाची आहे, आणि तिला वेगळा खर्चही नाही. विजेवरच्या गाडीत धुराचा धोका नसतो, पण थंडीत तिचा पल्ला कमी होतो. तिच्यात अडकल्यास सगळी गाडी तापवण्यापेक्षा सीटची ऊब वापरावी, तिला वीज फार कमी लागते.

अडकल्यावर गाडी सोडू नये. वाऱ्यावर उडणाऱ्या बर्फात दहा पावलांवरची गाडीही दिसत नाही, आणि मदतीला येणारे लोक आधी गाड्याच शोधतात. त्यांना दिसावे म्हणून भडक रंगाचा कापडाचा तुकडा आरशाला किंवा अँटेनाला बांधावा. लाल किंवा केशरी रंगाचा हातभर तुकडा पुरतो. इंजिन चालू असेल तेवढाच वेळ छतातला दिवा लावावा. 911 ला फोन केल्यावर महामार्गाचा क्रमांक, जाण्याची दिशा आणि रस्त्याकडेच्या हिरव्या पाटीवरचा मैलाचा आकडा सांगावा लागतो, म्हणून हिवाळ्यात गाडी चालवताना तो आकडा अधूनमधून मोठ्याने म्हणण्याची सवय मी मुलांना लावली आहे. निघण्यापूर्वी 511 या सेवेवर रस्त्याची स्थिती पाहावी. मिनेसोटात आणि डकोटा राज्यांत वादळाच्या वेळी महामार्ग फाटक लावून बंद करतात. फाटक बंद दिसले तर आडरस्ता शोधू नये, तिथेच एखादे हॉटेल पाहावे. कोणाला तरी निघाल्याची वेळ आणि रस्ता कळवून निघावे, आणि हे काम भारतातल्या नातेवाइकांवर न सोपवता, मदत पाठवू शकेल अशा इथल्याच एखाद्या स्नेह्याकडे द्यावे.

सामान भरण्याचा मुहूर्त कोजागिरीनंतर आणि दिवाळीपूर्वी साधावा. 1991 साली मिनिआपोलिस परिसरात 31 ऑक्टोबरला सुरू झालेल्या वादळाने 28 इंचांहून अधिक बर्फ टाकला होता, त्यामुळे नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगची वाट पाहण्यात अर्थ नाही. त्याच कारणाने गुढीपाडव्याला ऊन पडले म्हणून गाडी रिकामी करू नये. 2018 च्या एप्रिलमध्ये, पाडवा होऊन जवळपास चार आठवडे झाल्यावर, इथे 15 इंच बर्फ पडला. आमच्याकडे हे सामान अक्षय्य तृतीया झाल्यावरच उतरते. त्या दिवशी घोंगडी उन्हात टाकावी, मुलांचे पाय किती वाढले ते पाहून लहान झालेले मोजे व बूट बाजूला काढावेत, तापायच्या पुड्यांवरची मुदत तपासावी, आणि फावडे पुसून, तेलाचा हात देऊन गॅरेजात टांगावे.